पासपोर्टाबरोबर कायदा कुठवर जातो?
परदेशस्थ भारतीय कामगार आणि स्वदेशाचे कायदे

(कामगार कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



भारतीय नागरिक देशाबाहेर गेला म्हणजे त्याच्या पाठोपाठ भारताचा कायदा कुठवर जातो, हा आजच्या व्याख्यानाचा विषय आहे. प्रथमदर्शनी हा प्रश्न वकिलांचा वाटेल. परंतु आखातातील सहा अरब देशांत आज सुमारे ९० लाख भारतीय राहतात. त्यांतील फार मोठा भाग बांधकाम, तेल, वाहतूक, सफाई आणि घरकाम यांवर जगणाऱ्या श्रमिकांचा आहे. केरळ, उत्तर प्रदेश, बिहार, तेलंगण, राजस्थान येथील खेड्यांत, तसेच आपल्या रत्नागिरी-रायगडच्या किनाऱ्यावर अशी असंख्य घरे आहेत की ज्यांची चूल परदेशातून आलेल्या पैशावर पेटते. त्यांच्या दृष्टीने हा प्रश्न भाकरीचा आहे.

इंग्लंड-अमेरिकेत स्थायिक झालेला भारतीय कालांतराने तेथील नागरिक होऊ शकतो. आखातातील कामगाराला ती वाट जवळपास बंद आहे. वीस-तीस वर्षे राबूनही तो तेथे परकाच राहतो आणि अखेर परत येतो. त्यामुळे नागरिक म्हणून त्याला जे काही हक्क असतील ते एकाच राज्यसंस्थेकडून मिळू शकतात, आणि ती म्हणजे भारताची. स्वदेशाच्या कायद्याची गरज सर्वांत अधिक त्यालाच आहे.

शिक्षेचा हात लांब, संरक्षणाचा आखूड

१८६० च्या भारतीय दंड संहितेच्या चौथ्या कलमाने भारतीय नागरिकाचा जगाच्या पाठीवर कोठेही घडलेला गुन्हा भारतीय कायद्याच्या कक्षेत आणला. १ जुलै २०२४ पासून तिच्या जागी लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेतही ही तरतूद कायम आहे. म्हणजे नागरिकाला शिक्षा करावयाची असेल तेव्हा कायद्याला समुद्र आडवा येत नाही. त्याच नागरिकाची मजुरी परदेशी मालकाने बुडवली, तर मात्र किमान वेतनाचे, कामाच्या तासांचे आणि संघटनेच्या हक्काचे आपले सारे कायदे विमानतळाच्या दारात थांबतात.

यावर उत्तर दिले जाते की, दुसऱ्या सार्वभौम देशात आपले कामगार कायदे लागू करता येत नाहीत. हे खरे आहे. परंतु शोषणाची साखळी रियाध किंवा दुबईत सुरू होत नाही. भरती करणारा एजंट येथे असतो, पैसे येथे घेतले जातात, करारावर सही येथे होते, पासपोर्ट येथे मिळतो. साखळीची पहिली कडी भारताच्या भूमीवर आहे आणि तेथे कायद्याचा हात सहज पोहोचतो. तो का पोहोचत नाही, हा खरा प्रश्न आहे.

गिरमिटापासून १९८३ पर्यंत

१८३४ पासून गिरमिटिया मजूर मॉरिशसला नेले जाऊ लागले. १८३७ साली ईस्ट इंडिया कंपनीच्या सरकारने कायदा केला की, मजूर आणि एजंट यांनी नेमलेल्या अधिकाऱ्यापुढे लेखी करारासह हजर राहावे. कागद तपासला गेला की सरकारचे कर्तव्य संपले. मळ्यावर मजुराचे काय होते हे पाहण्याची निकड कोणाला नव्हती. राष्ट्रीय चळवळीच्या दडपणाखाली १९१७ साली ही भरती थांबवावी लागली, आणि १९२२ साली एमिग्रेशनचा नवा कायदा आला.

१९७३ नंतर तेलाच्या किमती भडकल्या, आखातात बांधकामाची लाट उसळली आणि मजुरांची मागणी वाढली. मुंबईत भरतीच्या पेढ्यांचे पेव फुटले. तरीही तब्बल दहा वर्षे हा व्यवहार १९२२ च्या कायद्याखालीच चालला. १९८३ चा एमिग्रेशन कायदा त्या वर्षीच्या डिसेंबरअखेर अमलात आला. त्याने एजंटांना नोंदणी सक्तीची केली, बँक हमी मागितली आणि प्रोटेक्टर ऑफ एमिग्रंट्स या अधिकाऱ्याची परवानगी आवश्यक ठरविली. हे पाऊल पुढचे होते यात शंका नाही. परंतु त्याचा सांगाडा जुनाच राहिला : निघताना कागद तपासावयाचा आणि पुढे दृष्टिआड.

कायद्यातील शिक्षाच पाहा. बेकायदा भरतीच्या गुन्ह्यास दोन वर्षांपर्यंत कैद आणि दोन हजार रुपयांपर्यंत दंड! एका माणसाकडून लाख-लाख रुपये उकळणाऱ्याला हा दंड म्हणजे किरकोळ खर्च. शिवाय सत्ताविसाव्या कलमानुसार खटला भरण्यास केंद्र सरकारची पूर्वसंमती लागते. फसवला गेलेला कामगार किंवा त्याचे जवळचे नातलग यांनी स्वतः तक्रार केली तर संमतीची अट नाही. कामगार संघटनेला मात्र ही सवलत नाही. जो सर्वांत एकटा आणि कर्जबाजारी आहे, त्यानेच न्यायालयाची पायरी चढावी, अशी ही व्यवस्था आहे.

कर्जाचा हा मुद्दा महत्त्वाचा आहे. आपल्याकडे ऊसतोडीचा मुकादम मजुराला उचल देऊन बांधतो. परदेशी भरतीचा एजंट मजुराकडूनच पैसे घेऊन त्याला बांधतो, कारण ते पैसे सावकाराकडून आलेले असतात. सेवाशुल्कावर नियमांनी मर्यादा घातली आहे, पण पावतीवर लिहिलेली रक्कम आणि प्रत्यक्ष मोजलेली रक्कम यांचा मेळ क्वचितच बसतो. हे कर्ज फिटेपर्यंत मालक कसाही वागला तरी कामगार परत फिरू शकत नाही. कफाला पद्धतीने त्याला मालकाशी जखडले, असे आपण म्हणतो. काही देशांनी अलीकडे तिच्या अटी सैल केल्या आहेत. पण त्या साखळीचे दुसरे टोक आपल्या गावच्या सावकाराच्या खुंट्याला बांधलेले आहे, हे विसरून चालणार नाही.

दोन प्रकारचे पासपोर्ट, दोन प्रकारचे नागरिक

१९६७ साली सर्वोच्च न्यायालयाने सतवंतसिंग साहनी खटल्यात परदेशी जाण्याचा हक्क हा व्यक्तिस्वातंत्र्याचा भाग मानला, आणि १९७८ च्या मेनका गांधी खटल्यात तो अधिक भक्कम केला. परंतु व्यवहारात दहावी न झालेल्या श्रमिकाला ठरावीक अठरा देशांत नोकरीस जाण्यासाठी वेगळी परवानगी काढावी लागते. दहावी उत्तीर्ण झालेल्याला सामान्यतः ती लागत नाही. संरक्षणाच्या नावाने केलेली ही विभागणी शिक्षणाच्या, म्हणजे वस्तुतः वर्गाच्या, रेषेवर उभी आहे. परवानगीचे खेटे चुकविण्यासाठी एजंट कामगाराला भेटीच्या व्हिसावर पाठवतो आणि मग तो सरकारच्या नोंदीतूनच नाहीसा होतो.

स्त्रियांच्या बाबतीत हे अधिक ठळक दिसते. अशा परवानगीची गरज असलेल्या, तीस वर्षांखालील स्त्रियांना या देशांत घरकामासाठी जाण्यास मनाई करण्यात आली. हेतू शोषण रोखण्याचा सांगितला गेला. पण गावात काम नाही आणि घरात भूक आहे, तेथे मनाईने जाणे थांबत नाही. ते आडवाटेने होते. आडवाटेने गेलेली स्त्री दूतावासाकडे दाद मागण्यासही कचरते, कारण आपण नियम मोडला हे भय तिच्या मनात असते. नियमाने मालकाला नव्हे, तिलाच दुबळे केले.

पासपोर्टासंबंधी आणखी एक गोष्ट. १९६७ च्या पासपोर्ट कायद्याच्या सतराव्या कलमानुसार पासपोर्ट ही सदैव केंद्र सरकारची मालमत्ता असते. कामगाराचा पासपोर्ट कुलपात ठेवणारा मालक भारत सरकारची वस्तू दाबून ठेवत असतो. असे असता दूतावास मजुराला अर्ज करावयास लावतात, विनंत्या करावयास लावतात. स्वतःच्या मालमत्तेविषयी इतके औदासीन्य सरकार अन्यत्र कोठे दाखवते काय?

मजुरीचा दर दिल्लीत ठरतो

स्वदेशाच्या निर्णयाचा परदेशातील मजुरीवर काय परिणाम होतो, याचे धडधडीत उदाहरण सप्टेंबर २०२० मध्ये घडले. परवानगी देताना भारत सरकार प्रत्येक देशासाठी किमान वेतनाची संदर्भ-पातळी ठरवते. महासाथीच्या ऐन संकटात आखाती देशांसाठीची ही पातळी परिपत्रकाद्वारे तीस ते पन्नास टक्क्यांनी खाली आणली गेली. भारतीयांच्या नोकऱ्या टिकाव्यात, असे कारण देण्यात आले. म्हणजे नेपाळ-बांगलादेशच्या मजुराशी स्पर्धेत आपला मजूर आणखी स्वस्त करावयाचा! मालकाने न मागता सरकारनेच त्याच्या हाती सवलत ठेवली. कामगारांच्या बाजूने गदारोळ झाला, तेलंगण उच्च न्यायालयात याचिका गेली आणि २०२१ च्या मध्यास जुनी पातळी पुन्हा लागू करावी लागली. एका कागदाने जे गेले ते संघर्षाने परत आले. पण ही पातळी परिपत्रकावर अवलंबून आहे, कायद्यात नाही, हा धोका तसाच राहिला.

पैसा हवा, मत नको

जागतिक बँकेच्या अंदाजानुसार २०२४ साली परदेशस्थांकडून भारतात सुमारे १२९ अब्ज डॉलर आले. जगात हा आकडा सर्वांत मोठा होता. या पैशाच्या स्वागतासाठी बँकांत खास खाती आहेत, करात सवलती आहेत. मताच्या बाबतीत मात्र हात आखडता. २०१० च्या दुरुस्तीने परदेशस्थ नागरिकाला मतदार यादीत नाव घालता येऊ लागले, पण मतासाठी त्याने स्वतः मतदान केंद्रावर यावे अशी अट आहे. २०२४ च्या लोकसभा निवडणुकीत नोंदलेल्या सुमारे १ लाख २० हजार परदेशस्थ मतदारांपैकी तीन हजारांच्या आतच मतदान झाले. विमानभाडे परवडेल त्याला मत! बिगारी कामगाराने दोन महिन्यांची मजुरी खर्चून मत द्यावयाचे काय?

दुसरा मार्ग नाही असे नाही. मार्च १९९५ मध्ये फ्लोर काँटेम्प्लासिऑन या फिलिपिनो घरकामगार स्त्रीला सिंगापुरात फाशी दिली गेली. फिलिपिन्समध्ये लोकक्षोभ उसळला आणि त्याच वर्षी तेथे स्थलांतरित कामगारांचा कायदा झाला. त्या कायद्याने भरती करणारी पेढी आणि परदेशी मालक यांची जबाबदारी संयुक्त ठरविली. मालकाने पगार बुडवला तर कामगार मायदेशातच पेढीवर दावा लावून पैसे वसूल करू शकतो. त्या देशातील सत्ताधारीही मजुरांच्या निर्यातीवरच विसंबून आहेत, म्हणून त्यांचा गौरव करण्याचे कारण नाही. पण जनतेच्या रेट्याने काय मिळू शकते हे त्यातून दिसते. आपल्याकडे केरळात १९९६ साली डाव्या आघाडीच्या सरकारने परदेशस्थांसाठी स्वतंत्र खाते काढले, आणि २००८ च्या कायद्याने त्यांच्यासाठी कल्याण निधी व निवृत्तिवेतनाची व्यवस्था उभी केली.

आपल्यापुढील काम

१२ जून २०२४ रोजी कुवेतमधील मंगाफ येथे कामगारांच्या निवासी इमारतीस आग लागून चाळीसहून अधिक भारतीय मृत्युमुखी पडले. शवपेट्या आणण्यास लष्करी विमान गेले. जिवंत असताना ती माणसे किती जणांत एक खोली वाटून घेत होती, हे विचारण्यास कोणी गेले नव्हते.

१९८३ च्या कायद्याऐवजी नवा कायदा आणण्यासाठी २०१९, २०२१ आणि २०२५ साली मसुदे प्रसिद्ध झाले. अशा प्रत्येक मसुद्याला आपण याच कसोट्या लावल्या पाहिजेत :

१. पगार व भरपाई यांसाठी एजंट आणि मालक यांची संयुक्त जबाबदारी, आणि वसुली भारतातील न्यायालयात.

२. भरतीचा सर्व खर्च मालकावर. कामगाराकडून एक पैही नाही.

३. किमान वेतनाची पातळी कायद्यात; ती परिपत्रकाने घटविण्यास बंदी.

४. पूर्वसंमतीची अट रद्द, आणि कामगार संघटनांना तक्रार करण्याचा हक्क.

५. दूतावासांत मतदानाची सोय व पुरेसे श्रम-अधिकारी.

६. परत आलेल्या कामगाराला निवृत्तिवेतन व आरोग्यसेवा.

सौदी अरेबिया व अमिरातींत आपल्या कामगाराला संघटना बांधता येत नाही. म्हणून त्याच्या वतीने येथे बोलणे ही येथील संघटित कामगारांची जबाबदारी ठरते. आपल्या शाखांनी आपापल्या भागातून कोण कोठे गेले, किती कर्ज काढून गेले, कोणत्या एजंटामार्फत गेले याची नोंद ठेवण्यापासून आरंभ करावा. परत आलेल्यांना आणि मागे राहिलेल्या कुटुंबांना एकत्र आणावे. १८३७ साली मजुराचा कागद तपासून सरकार मोकळे झाले होते. जवळजवळ दोन शतकांनंतर तोच प्रकार चालू द्यावयाचा की नाही, हे आपल्या संघटित बळावर ठरणार आहे.