थार की जिम्नी? आधी मागच्या सीटवर बसून बघा

हेडफोन नीट लावा, कारण आजचा विषय बऱ्याच घरांत भांडणं लावणारा आहे. लग्न झालंय, घरात एक-दोन लहान मुलं आहेत, आणि गाडी मात्र चिखल तुडवणारी, डोंगर चढणारी हवीय. मग थार घ्यायची? जिम्नी? रॉक्स? स्कॉर्पिओ-एन? की थेट गुरखा?

आधी सांगतो, मी ऑटोमोबाईलवाला नाही. बीटेक कॉम्प्युटरमधलं, दिवसभर कोड लिहितो. पण गेले काही महिने आमच्या घरात जेवताना हाच विषय होता. मुलगी साडेतीन वर्षांची, मुलगा आठ महिन्यांचा. आम्ही पुण्यात, आई गावी, भोर तालुक्यात हिरडस मावळात. हायवेने कापूरहोळ, तिथून भोर, पुढे घाटाच्या दिशेने. इथपर्यंत सगळं डांबरी. शेवटचे तीन किलोमीटर मुरमाचे, मध्ये एक ओढा. पावसाळ्यात आमची छोटी गाडी फाट्यावर लावायची, पोरांना कडेवर घ्यायचं आणि छत्री सांभाळत चालायचं. आईचं एवढंच म्हणणं, "महिन्यातून दोनदा तरी पोरं डोळ्यांना दिसू देत रे." म्हणजे आम्हाला ही गाडी रील टाकायला नको होती, त्या तीन किलोमीटरसाठी हवी होती.

आता मुद्द्यावर येतो. आपण सगळे ही गाडी ड्रायव्हर सीटवर बसून निवडतो. उंच बसलोय, पुढे रुंद बॉनेट दिसतंय, भारी वाटतंय. पण मुलं असलेल्या घराने गाडी मागच्या सीटवरून निवडायची असते. तिथे बसलं की अर्धे पर्याय आपोआप गळतात.

पहिली गोष्ट, डोकी मोजा. तीन दारांची थार चार जणांची. जिम्नीला पाच दारं आहेत, पण कागदोपत्री तीही चार जणांचीच. आम्ही दोघं, दोन मुलं, आणि आईला दवाखान्यात न्यायचं असेल तर ती. झाले पाच. जिम्नी मला मनापासून आवडते. आटोपशीर, चार मीटरच्या आतली, हलकी आणि अरुंद वाटेवर मांजरीसारखी जाते. तिघांच्या घराला तर मी आजही तीच सुचवीन. पण आमच्या घरात ती पहिल्याच प्रश्नाला बाद झाली. सामानाचंही बघा. मागच्या सीट उभ्या असताना जिम्नीची डिकी २०८ लिटरची. बाळाची प्रॅम ठेवली की संपली.

दुसरी गोष्ट, दारं. तीन दारांच्या गाडीत मागे जायचं तर पुढची सीट वाकवावी लागते. कॉलेजच्या मित्रांसाठी ठीक आहे. पण झोपलेलं बारा किलोचं पोर दोन्ही हातांवर घेऊन, कमरेत वाकून, त्या फटीतून त्याला सीटमध्ये ठेवा आणि पट्टा लावा. तेही पावसात. माझ्या बायकोने शोरूममध्ये मुलीला घेऊन हे एकदा करून बघितलं आणि म्हणाली, "दुसरी दाखवा."

तिसरी गोष्ट सगळ्यात महत्त्वाची, चाइल्ड सीट. आपल्याकडे अजूनही बाळ आईच्या मांडीवर असतं. "मी घट्ट धरते की!" असं प्रत्येक आई म्हणते. थोडं गणित करू. ताशी ५० किलोमीटरने जाणारी गाडी कशावर तरी आदळली आणि साधारण अर्ध्या मीटरात थांबली, तर आतल्या प्रत्येकावर स्वतःच्या वजनाच्या सुमारे २० पट जोर येतो. दहा किलोचं बाळ त्या क्षणी दोनशे किलोचं होतं. दोनशे किलो कोणाच्याही हातात राहत नाही. कायदाही आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम १९४बी नुसार १४ वर्षांखालचं मूल सीटबेल्ट किंवा चाइल्ड सीटशिवाय नेलं, तर १,००० रुपये दंड. पण दंड सोडा, ते दोनशे किलो लक्षात ठेवा.

बाळाची सीट मागे तोंड करून लावायची. बाळाचं डोकं शरीराच्या मानाने मोठं आणि मान नाजूक असते. तोंड मागे असलं की धक्का पूर्ण पाठीवर वाटला जातो. युरोपातल्या आर-१२९ नियमात किमान १५ महिन्यांपर्यंत अशीच सीट सक्तीची आहे. आणि एअरबॅग चालू असलेल्या पुढच्या सीटवर ही सीट कधीही लावायची नाही. म्हणजे ती मागेच येणार. तिथे ती लांबीला बरीच जागा खाते, मग पुढची सीट सरकवावी लागते. म्हणून शोरूमला जाताना स्वतःची चाइल्ड सीट बरोबर घेऊन जा. लाजू नका. आयसोफिक्सचे हुक कुठे आहेत, हात तिथपर्यंत पोचतो का, सीट लावल्यावर पुढच्या माणसाचे गुडघे डॅशबोर्डला टेकतात का, हे ब्रोशरमध्ये दिसत नाही. आणि गाडीच्या बाजूंना समोरासमोर बाकडी असतील, तर तिथे चाइल्ड सीट लागतच नाही. तो पर्याय मुलांसाठी विसरा.

चौथी गोष्ट, धक्के. या गाड्या शिडीसारख्या मजबूत चासीवर बांधलेल्या असतात आणि बहुतेकांना मागे जाड, अखंड अॅक्सल असतो. चिखलात तो मस्त, पण खड्ड्यात मागचे उडतात. तुमची सीट मागच्या चाकांच्या जितकी जवळ, तितका उडण्याचा त्रास जास्त. म्हणून व्हीलबेस, म्हणजे पुढच्या आणि मागच्या चाकांमधलं अंतर, बघायचं. तीन दारांची थार २,४५० मिलीमीटर, जिम्नी २,५९०, स्कॉर्पिओ-एन २,७५०, पाच दारांची गुरखा २,८२५, रॉक्स २,८५०. लांब व्हीलबेस असला की गाडी कमी डुलते आणि मागची सीटही चाकांपासून पुढे सरकते. ज्यांच्या पोरांना घाटात उलट्या होतात त्यांना याचं महत्त्व मी वेगळं सांगायला नको. टेस्ट ड्राइव्ह घेताना दहा मिनिटं मित्राला चालवू द्या आणि तुम्ही मागे बसा.

पाचवी गोष्ट, स्टार. इथे एक गंमत आहे. जाहिरातीत मोठ्या अक्षरात असतात ते मोठ्यांचे स्टार. मुलांचे स्टार वेगळे मोजतात. स्कॉर्पिओ-एनला २०२२ साली ग्लोबल एनकॅपमध्ये मोठ्यांसाठी ५ आणि मुलांसाठी ३ स्टार मिळाले. तीन दारांच्या थारला २०२० साली दोन्हीकडे ४, पण तेव्हाची चाचणी सोपी होती, त्यामुळे थेट तुलना करू नका. रॉक्सला २०२४ साली भारत एनकॅपमध्ये दोन्हीकडे ५. कुठलीही गाडी बघा, पण मुलांच्या स्टारची ओळ शोधून वाचा.

आता तुम्ही म्हणाल, अरे, फोर बाय फोरचं काय? त्यावरही बोलू. फोर बाय फोरमुळे चार चाकांना ताकद मिळते, ब्रेक मात्र जास्त चांगला लागत नाही. ओल्या मुरमावर उतारावरून घसरायची ती चार चाकांवरही घसरते. खरी कामाची चीज आहे लो रेंज. त्यात गाडी अगदी हळू आणि पूर्ण ताकदीने चालते. उतारावर ब्रेकवर पाय न ठेवता इंजिनच गाडीला धरून ठेवतं. मागे मुलं असताना हे हळू चालणंच हवं असतं. आणि खरेदी करताना एक लक्षात ठेवा, रॉक्स आणि स्कॉर्पिओ-एनमध्ये फोर बाय फोर फक्त डिझेलमध्ये मिळते.

ओढ्याबद्दल मात्र कडक बोलतो. थारच्या माहितीत लिहिलंय, ६५० मिलीमीटर पाण्यातून जाते. ते पाणी शांत असतं, हे आपण विसरतो. वाहतं पाणी दोन फूट असलं, म्हणजे साधारण ६१० मिलीमीटर, तरी ते एसयूव्हीला उचलून नेऊ शकतं. बघा, आकडा ब्रोशरच्या मर्यादेच्या आतलाच आहे! गाडी उंच असली की आपल्याला वाटतं, निघून जाऊ. मागे पट्ट्यात बांधलेली दोन मुलं असताना ते "निघून जाऊ" परवडत नाही.

आणखी दोन छोट्या गोष्टी. एक, बाहेरून लोखंडी बुलबार लावू नका. केंद्राने डिसेंबर २०१७ मध्येच त्यांच्यावर कारवाई करायला सांगितलंय, आणि त्यामुळे एअरबॅगच्या सेन्सरला धडकेचा अंदाज चुकू शकतो. टायर मोठे करून गाडी उचलणंही नको, गुरुत्वमध्य वर जातो आणि उलटण्याचा धोका वाढतो. दोन, उंच गाडी आणि पाठीवर स्टेपनी, म्हणजे मागे उभं असलेलं लहान मूल आरशात दिसतच नाही. रिव्हर्स कॅमेरा हवाच. तरीही रिव्हर्स घेण्याआधी एकाने खाली उतरून पोरं कुठे आहेत ते बघायचं.

मग आम्ही काय केलं? रॉक्स, डिझेल, फोर बाय फोर. दोन्ही बाजूंना चाइल्ड सीट, मध्ये आई. दाटीवाटी होते, पण बसता येतं. गाडी बघायला आई आली तेव्हा पहिलं वाक्य होतं, "एवढ्या उंचावर चढू कशी रे मी?" म्हणून बाजूची पायरी आणि धरायचा दांडा तिच्याकडूनच तपासून घेतला. हप्ता जड आहे. मोठ्या फ्लॅटचा विचार त्यामुळे पुढे ढकलला. गावाकडे असं येणं-जाणं नसतं, तर चांगल्या स्टारची साधी एसयूव्ही घेतली असती आणि पैसे वाचवले असते. तुमच्या गाडीच्या वाटेत असे तीन किलोमीटर नसतील, तर तुम्हीही तेच करा. कमीपणा काही नाही त्यात.

आणि बायकोने एक नियम घालून दिलाय, तो मला शंभर टक्के मान्य आहे. ओढा जोरात वाहत असेल तर गाडी अलीकडेच थांबवायची आणि आईला फोन करायचा, "आज नाही गं, पाणी उतरलं की येतो." ती रुसेल, चालेल.

तर मंडळी, या रविवारी शोरूमला जाणार असाल तर चाइल्ड सीट घ्या, पोरांना घ्या, आजीलाही घ्या, आणि सेल्समनने पुढचं दार उघडलं की तुम्ही मागचं उघडा. भेटू पुढच्या भागात. काळजी घ्या!