दोन कार्डांचें त्रैराशिक



माझें शिक्षण शालान्त परीक्षेपर्यंतचें, आणि सारा जन्म मुलांना अंकगणित शिकविण्यांत गेलेला. अशा मनुष्यानें संगणकावर बोलावें हें कित्येकांस धाडस वाटेल. परंतु या यंत्रानें माझ्या अंकगणितावरच घाला घातला, म्हणून बोलणें प्राप्त झालें.

माझ्या नातवाला संगणकावरील खेळांचा नाद आहे. या खेळांकरितां संगणकांत ग्राफिक्स कार्ड नांवाचें एक स्वतंत्र यंत्र बसवावें लागतें. पडद्यावर हलणारें दृश्य म्हणजे वस्तुतः झरझर बदलणारीं स्थिर चित्रें होत. सेकंदाला साठ चित्रें हवीं असतील, तर एकेक चित्र सुमारें १७ मिलिसेकंदांत तयार झालें पाहिजे. हें रेखाटण्याचें काम त्या कार्डाचें. नातवाजवळ एन्व्हिडिया कंपनीचें २०१६ सालचें जीटीएक्स १०७० हें कार्ड होतें. त्यानें मोठा पडदा घेतला, आणि तें बिचारें धापा टाकूं लागलें. गेल्या उन्हाळ्यांत तो मजकडे येऊन म्हणाला, "आजोबा, असलेंच दुसरें कार्ड जुन्या बाजारांत स्वस्त मिळतें आहे. दोन्ही जोडून चालवितां येतात. पण मित्र म्हणतात, त्यांत आतां अर्थ नाहीं. तुम्हांला काय वाटतें?"

मीं क्षणाचाहि विचार न करितां सांगितलें, "एक गवंडी जी भिंत दहा दिवसांत बांधतो, ती दोघे पांच दिवसांत बांधतात. मित्रांचें काय ऐकतोस? घे." आणि निवृत्तिवेतनांतून पैसेहि दिले.

ही कल्पना तशी नवी नव्हे. अमेरिकेंतील थ्रीडीएफएक्स या कंपनीनें १९९८ सालीं वूडू टू नांवाचें कार्ड काढलें. तशीं दोन कार्डें एका पट्टीनें जोडून चित्रांतील आडव्या ओळी त्यांना एकाड एक वांटून देत; विषम ओळी एकानें काढावयाच्या, सम ओळी दुसऱ्यानें. एकट्याला ८०० बाय ६०० ठिपक्यांचें चित्र झेपे, जोडीला १०२४ बाय ७६८ चें. गवंड्यांचा हिशेब येथें चोख लागू पडला. पुढें ती कंपनी बुडाली, तिची मालमत्ता एन्व्हिडियाकडे गेली, आणि २००४ सालीं एसएलआय हीं जुनींच अक्षरें नव्या अर्थानें बाजारांत आलीं. दुसऱ्याच वर्षीं एटीआय कंपनीनें क्रॉसफायर काढलें. आतांची वांटणी मात्र बहुधा ओळींची नसून सबंध चित्रांची असे: पहिलें चित्र पहिल्या कार्डानें काढावयाचें, दुसरें दुसऱ्यानें, तिसरें पुन्हां पहिल्यानें.

आमच्या घरीं काय झालें तें सांगतों. दोहोंना मिळून ३०० वॅट वीज लागणार, म्हणून पॉवर सप्लायहि नवा घ्यावा लागला. वरचें कार्ड खालच्याची ऊन हवा ओढून घेई, आणि खोली भट्टीसारखी तापे. प्रत्येकाची स्मृति ८ गिगाबाइट, तेव्हां दोहोंची १६, असेंहि मीं परस्पर ठरवून टाकलें होतें, तेंहि चुकलें. चित्राचें सारें सामान प्रत्येक कार्डाला स्वतःजवळ ठेवावें लागतें. दोन वर्गांना एकाच पुस्तकाच्या दोन प्रती दिल्या म्हणून धडे कांहीं दुप्पट होत नाहींत.

पहिल्यानें २०१५ सालचा एक खेळ लावला. त्याचें नांव मोटारचोरीवरून पडलें आहे, तें मला आवडलें नाहीं. पण तें असो. पूर्वीं सेकंदाला ४२ चित्रें येत, तीं ७१ झालीं. मीं विजयी मुद्रेनें नातवाकडे पाहिलें. तो म्हणाला, "आंकडा वाढला खरा, पण डोळ्यांना अडखळल्यासारखें होतें."

याचें कारण पंगतींत दिसतें. दोन वाढपी एकमेकांच्या पाठोपाठ येऊन गेले आणि मग बराच वेळ कोणीच फिरकलें नाहीं, तर फेऱ्यांची संख्या बरोबर भरते, पण पानावर बसलेला ताटकळतो. एक चित्र ५ मिलिसेकंदांनीं आलें आणि पुढचें २५ मिलिसेकंदांनीं, तर सरासरी १५ च निघते. डोळ्याला मात्र तो २५ चा खंड जाणवतो. सरासरीची ही लबाडी मला ठाऊक असावयास हवी होती.

मग २०२० सालचा खेळ लावला. त्यांत दुसरें कार्ड नुसतें बसून राहिलें. चित्राच्या कडा मऊ दिसाव्या म्हणून अलीकडचे खेळ नवें चित्र रेखाटतांना मागच्या चित्राचा आधार घेतात. म्हणजे दुसऱ्या कार्डानें पहिल्याच्या चित्राची वाट पाहावयाची, आणि तें चित्र इकडून तिकडे नेण्यांतच मिलिसेकंद संपावयाचे. पहिल्या उदाहरणाचें उत्तर दुसऱ्यांत घालावयाचें असेल, तर तीं दोन उदाहरणें दोन मुलांना वांटून देण्यांत काय हंशील?

हें समजलें त्या रात्रीं मला झोप आली नाहीं. तीस वर्षांपूर्वीं चौथीच्या वर्गांत मीं हेंच गवंड्यांचें उदाहरण घातलें होतें. एका मुलानें विचारलें, "गुरुजी, हजार गवंडी लावले तर भिंत पांच मिनिटांत होईल?" आठ तासांचा दिवस धरला तर त्याचा हिशेब बिनचूक होता. मुलें हंसलीं. तो पुढें म्हणाला, "पण खालचा थर ओला असतांना वरचे थर भराभर चढवितां येत नाहींत, बाबा म्हणतात." त्याचा बाप गवंडी होता. मीं त्या मुलाला उद्धट ठरवून बाकावर उभें केलें. सबंध नोकरींत त्रैराशिक शिकवितांना, एकाचा वांटा दुसऱ्याच्या वांट्यावर अवलंबून नसला पाहिजे, ही अट मीं एकदांहि फळ्यावर लिहिली नाहीं.

नातवाचे मित्र खरे ठरले. जोडीकरितां प्रत्येक खेळाची वेगळी जुळणी करावी लागे, आणि दोन कार्डें घेणारे हौशी लोक मूठभर. १ जानेवारी २०२१ पासून एन्व्हिडियानें अशा नव्या जुळण्या पुरविणें बंद केलें. २०२० सालीं निघालेल्या कार्डांपैकीं ३०९० ला तरी जोडपट्टीची सोय होती. २०२२ सालच्या ४०९० ला तीहि उरली नाहीं.

मात्र ब्लेंडरसारख्या साधनानें चलच्चित्रें तयार करणाऱ्यांकडे दोन दोन कार्डें आजहि जोमानें राबतात, आणि तीं पट्टीवांचून. तेथें एकेका चित्राला कांहीं मिनिटें लागलीं तरी चालतें. पडद्यापुढें कोणी बटणावर बोट ठेवून खोळंबलेला नसतो, आणि एका चित्राचे तुकडेहि स्वतंत्रपणें रेखाटतां येतात.

आमचें दुसरें कार्ड नातवानें काढून धाकट्या बहिणीच्या संगणकांत बसविलें. तेथें तें एकटें सुखानें काम करतें आहे. पॉवर सप्लायचे पैसे मात्र त्यानें माझ्या नांवावर लिहून ठेवले आहेत.