दमणगंगेच्या मुखाशी पाण्याची पारख



सिल्वासाला समुद्र नाही. परंतु नाशिक जिल्ह्यात उगम पावणारी दमणगंगा सिल्वासा व वापीवरून जाऊन दमणला अरबी समुद्रास मिळते. साहजिकच, वरच्या सांडपाण्याचे भोग खालच्या मच्छीमारांच्या वाट्यास येतात.

खाडीतील पाण्याचा नमुना केव्हा घेतला, यास फार महत्त्व आहे. भरतीत समुद्राचे पाणी आत शिरून घाण विरळ होते. ओहोटीत नदीचे खरे स्वरूप उघडे पडते. म्हणून दोन्ही वेळी नमुने घेऊन खारेपणाही मोजावा लागतो. विरघळलेला प्राणवायू तर वाटेतच बदलतो; यास्तव मँगेनीज सल्फेट व अल्कलीयुक्त आयोडाइड काठावरच घालून तो बांधून ठेवतात. बाटलीत हवेचा बुडबुडा राहिला तरी आकडा फसवा ठरतो! नोंदीत भरती-ओहोटीची वेळ नसेल, तर ग्रामस्थांनी ती अवश्य विचारावी.