घरातल्या सगळ्यांना घेऊन डोंगरावर

आज आम्ही सहलीबद्दल बोलणार आहोत. हा विषय काही जणींना हौसेचा वाटेल. पण मुलाबाळांसह, म्हाताऱ्या माणसांसह डोंगरावर जायचं आणि सगळ्यांनी हसत घरी परतायचं, तर आधी चार गोष्टी ठरवाव्या लागतात. ते ठरवणं आपल्याच हातात असतं.

सकाळी वाडीत पाणी सोडताना पूर्वेकडे पाहिलं की तुंगारेश्वरची रांग दिसते. सूर्य तिच्यामागूनच वर येतो. जन्मभर आपण तो डोंगर पाहतो, पण त्यावर किती वेळा गेलो? आमच्या गटात हा प्रश्न निघाला तेव्हा बहुतेकींचं उत्तर एकच होतं. नवस फेडायला जीवदानीला गेलो, नाहीतर श्रावणी सोमवारी तुंगारेश्वरला, तेही पूजेचं ताट सांभाळत. नुसतं बसायला, झाडाखाली पाय पसरायला कोणी गेलं नव्हतं. म्हणून गटानेच वर्षातून एकदा घरच्यांसह सहल काढायचं ठरवलं. त्यातून जे शिकलो ते आज सांगतो.

पहिली गोष्ट दिवसांची. कार्तिक वद्य एकादशीला आपली निर्मळची जत्रा सुरू होते. ती आटोपली की सहलीचे दिवस आले असं समजावं. तेव्हापासून फेब्रुवारीपर्यंत हवा थंड असते, वाट कोरडी असते आणि ओढ्यांना पाणी कमी असतं. एप्रिल-मेमध्ये जायचं तर पहाटे निघून उन्हं चढायच्या आत खाली उतरायला हवं.

दुसरी गोष्ट जागेची. आम्ही जागा निवडताना एकच प्रश्न विचारतो: आपल्यात सगळ्यात कमी चालणारं माणूस कोण? त्याला झेपेल तीच जागा.

सासूबाईंचे गुडघे दुखत असतील, तर वज्रेश्वरी चांगली. १७३९ साली वसईचा किल्ला जिंकल्यावर चिमाजी आप्पांनी नवस फेडण्यासाठी हे देऊळ बांधवलं असं सांगतात. चढायला बावन्न पायऱ्या आहेत. जवळच अकलोली आणि गणेशपुरीला गरम पाण्याची कुंडं आहेत. काही कुंडांचं पाणी फारच कढत असतं. मुलांना उतरवण्याआधी आपला हात घालून पाहावा आणि बाळाला कुंडात उतरवूच नये.

मुलं दहा-बारा वर्षांची असतील आणि चालायची हौस असेल, तर तुंगारेश्वर. महामार्गावरच्या फाट्यापासून आत जंगलातून देवळापर्यंत वाट जाते, मध्ये ओढा ओलांडावा लागतो. हिवाळ्यात पोरं तो उड्या मारत पार करतात. हे २००३ पासून अभयारण्य आहे, सुमारे ८५ चौरस किलोमीटरचं. बिबट्याही या जंगलात आहे. म्हणून मुलांना एकटं पुढे पळू द्यायचं नाही आणि अंधार पडायच्या आत बाहेर यायचं. वनखात्याच्या फाटकावरचे नियम आणि वेळ आधी विचारून घ्यावी.

विरारच्या जीवदानीला तेराशेहून जास्त पायऱ्या आहेत. तरण्या मंडळींनी चढाव्यात. ज्यांना जमत नाही त्यांच्यासाठी रोपवेची सोय आहे, पण तो त्या दिवशी चालू आहे का हे निघण्याआधी विचारावं. नवरात्रात तिथे पाय ठेवायला जागा नसते, तेव्हा सहल म्हणून जाऊ नये. एरवी वरून पश्चिमेला पाहिलं की आपला केळीबागांचा हिरवा पट्टा आणि पलीकडे समुद्र दिसतो. आमच्यातल्या कित्येकींनी आपली गावं अशी वरून प्रथमच पाहिली.

आता तिसरी गोष्ट, आणि ही नीट ऐका. पावसाळ्यात धबधब्याची सहल नको.

३० जून २०२४ हा रविवार होता. लोणावळ्याला भुशी धरणाजवळच्या धबधब्यात पुण्याचं एक कुटुंब उतरलं होतं. पाणी एकाएकी वाढलं. माणसं प्रवाहाच्या मधोमध खडकावर एकमेकांना घट्ट धरून उभी राहिली, तरी पाण्याने ओढून नेली. एक बाई आणि चार मुलं त्यात गेली. ती चित्रफीत आपल्यापैकी अनेकींनी मोबाइलवर पाहिली असेल. ती माणसं दारू पिऊन दंगा करणारी नव्हती. आपल्यासारखीच रविवारी मुलांना घेऊन निघालेली होती.

लोणावळा लांब आहे असं म्हणू नका. आपल्या तालुक्यात चिंचोटीचा धबधबा आहे. तिथेही पावसाळ्यात माणसं बुडून मेली आहेत. प्रशासनाने कित्येक पावसाळ्यांत बंदीचे आदेश काढले, तरी लोक आडवाटेने जातातच. आपलं तरणं पोरगं मित्रांबरोबर निघालं की आपण डबा भरून देतो, कुठे चाललास हे विचारायचं राहून जातं. ते विचारायला हवं.

डोंगरातल्या पाण्याची रीत आपल्या बावखलासारखी नसते. बावखलाचं पाणी हळूहळू चढतं, आपल्याला दिसतं. डोंगरात वर माथ्यावर पाऊस पडतो आणि खाली ऊन असतं. वरचं सगळं पाणी एका घळीत जमतं आणि काही मिनिटांत खाली येतं. स्वच्छ पाणी गढूळ झालं, पालापाचोळा आणि काटक्या वाहून येऊ लागल्या, आवाज वाढला, तर चप्पल-पिशवी शोधत बसू नका. मुलांना घेऊन लगेच काठावर उंच जागी जा. ओढा ओलांडायचा राहिला असेल, तर पाणी उतरेपर्यंत अलीकडेच थांबा. उशीर झाला तर घरचे रागावतील, रागावू दे.

चौथी गोष्ट कामाची. सहल म्हटलं की बाई पहाटे तीनला उठून पुऱ्या लाटणार, तिथे वाढणार, आल्यावर भांडी घासणार. मग ती सहल कोणाची? आमच्या गटात घरटी एक पदार्थ ठरवून दिला. एका घरून भाकऱ्या, एका घरून चटणी, एका घरून उकडलेली अंडी. मुलांसाठी पुडक्यातल्या वेफर्सऐवजी जत्रेत घेतलेली सुकेळी न्यायची. ती खराब होत नाहीत, चालताना तोंडात टाकता येतात आणि पोटालाही आधार होतो. पाण्याचे कॅन उचलणं, वाढणं आणि जेवल्यावर जागा झाडणं पुरुषांनी आणि मोठ्या मुलांनी करायचं, हे निघण्याआधीच सगळ्यांसमोर बोलून घेतलं. आधी कुरकुर झाली, मग झालं सगळं. पैशांसाठी दर महिन्याच्या बचतीबरोबर थोडी रक्कम वेगळी ठेवली, त्यामुळे गाडीच्या भाड्याचा बोजा कोणा एकीवर पडला नाही.

पायथ्याशी आदिवासी भगिनी करवंदं, जांभळं, रानभाज्या घेऊन बसलेल्या असतात. त्यांच्याकडून घ्या आणि घासाघीस करू नका. टोपली डोक्यावर घेऊन बाजारात बसणं म्हणजे काय, ते आपल्याला वेगळं सांगायला नको.

कचऱ्याचंही ऐका. वसई-विरारला पाणी देणारं पेल्हार धरण याच डोंगररांगेच्या पायथ्याशी आहे. वर टाकलेली पिशवी पावसाबरोबर खालीच येते. जेवढं नेलं तेवढं परत आणायचं.

निघताना एका कागदावर सगळ्यांची नावं लिहा आणि उतरताना मोजा. कुठे जातोय, कधी येणार, हे शेजारी सांगून ठेवा. आग्या मोहोळ दिसलं तर खाली धूर करू नका, दगड मारू नका. कोणाला साप चावला तर जखम कापू नका, घट्ट बांधू नका. त्या हातातल्या बांगड्या, अंगठ्या किंवा पायातलं पैंजण काढा, माणसाला चालवू नका आणि तडक सरकारी रुग्णालय गाठा. मदतीसाठी ११२ आणि रुग्णवाहिकेसाठी १०८ हे क्रमांक मुलांनाही पाठ असू द्या.

तर मैत्रिणींनो, गटाच्या पुढच्या बैठकीत हप्त्यांचा हिशेब झाला की दहा मिनिटं यासाठी काढा. कमी चालणारं माणूस कोण ते ठरवा, जागा निवडा, कामं वाटा. जत्रेनंतरचा एखादा रविवार धरून टाका. शिबंदी बांधताना आपल्या वाटणीची विश्रांतीही बांधून घ्या.