उत्तर पुरं होऊ द्या



मी मॅट्रिक झालेला गोदी कामगार. युनिव्हर्सिटीच्या तोंडी परीक्षेवर हा काय बोलणार, असं कुणाला वाटेल. पण चालू बोलणं मधेच तोडणं म्हणजे काय, हे कळायला डिग्री लागत नाही. ते आपल्या बापजाद्यांनी चावडीवर उभं राहून शिकलंय.

लेखी पेपरात तुमचं पेन कुणी धरत नाही. चुकलं तरी वाक्य तुमचं पुरं होतं, आणि कागद मागं राहतो. तोंडीला टेबलापलीकडे चारपाच जण, अलीकडे तुम्ही एकटे. दोन शब्द निघाले की, "बरं, ते सोडा. आडनाव काय म्हणालात?" उत्तर घशात अडकतं. ज्यानं तोडलं त्याची नोंद कुठंच नाही. अर्धं उत्तर मात्र तुमच्या नावावर.

1980 साली सुप्रीम कोर्टानं अजय हासिया खटल्याचा निकाल दिला. श्रीनगरचं रीजनल इंजिनिअरिंग कॉलेज. लेखीला 100 मार्क, तोंडीला 50. मुलांनी कोर्टात सांगितलं : मुलाखत दोन-तीन मिनिटांची, प्रश्न बापाचे आणि घराचे! कोर्ट म्हणालं, तोंडीला शेकडा 15 च्या वर मार्क नकोत, आणि मुलाखत टेप केलेली बरी.

पुढं काय झालं? 2016 साली यूजीसीनं पीएचडी प्रवेशात लेखी परीक्षा नुसती पास होण्यापुरती ठेवली, निवड सगळी मुलाखतीवर. त्याच साली जेएनयूच्या स्वतःच्या नफे कमिटीनं लेखी आणि तोंडी मार्कांतली तफावत पाहून भेदभावाकडं बोट दाखवलं, तोंडीचे मार्क 30 वरून 15 करा म्हणून सांगितलं. पोरं रस्त्यावर उतरली. 2018 साली नियम बदलला : लेखी 70, तोंडी 30. पंधरा नाहीच!

कुणी म्हणेल, परीक्षकानं मधे विचारूच नये का? विचारा की! खोलात जाऊन विचारा. पण खोदणं वेगळं आणि गाडणं वेगळं.

गोदीत साधी पेटी उतरली तरी टॅली क्लार्क नोंद करतो. फुटली तर कुठं फुटली तेही लिहितो. माणसाचं उत्तर पेटीपेक्षा स्वस्त आहे काय?

म्हणून मागणी सरळ आहे. तोंडीचे मार्क 15 वर आणा. खोलीत आडनाव नको, नंबर पुरे. प्रत्येक मुलाखत टेप करा, आणि मागेल त्याला ती ऐकवा.

एकदा टेप फिरायला लागली की मार्क फक्त आपल्यालाच मिळणार नाहीत. टेबलापलीकडच्यांनाही मिळतील.