टकर, मी आणि भाड्याचे घर



‘अमेरिकेतले अनुभव’ असा विषय मला दिला आहे. नायगारा तुम्ही सगळ्यांनी फोटोत पाहिलेला आहे, तेव्हा तो सोडते. मी बसूनच बोलणार आहे, सर, राग मानू नका. पाच मिनिटे उभी राहिले की डावा पाय माझे ऐकत नाही.

सातवीत मला फाटकाबाहेर कुत्रा चावला होता, काहींना आठवत असेल. तेव्हा पोटात चौदा इंजेक्शने देत. चौदा दिवस माझे दप्तर उचलून एक मैत्रीण सिव्हिल हॉस्पिटलपर्यंत माझ्याबरोबर आली. ती आत्ता तिसऱ्या रांगेत बसली आहे आणि मान खाली घालून हसते आहे. त्यानंतर कुत्रा दिसला की मी रस्ता बदलायचे. आणि आज माझे सगळे घर एका काळ्या लॅब्रॅडॉरच्या भरवशावर चालते. त्याचे नाव टकर. हे नाव संस्थेने ठेवले. मी ठेवले असते तर मोतीच ठेवले असते.

मला २००६ साली मल्टिपल स्क्लेरोसिस झाल्याचे कळले. विजेच्या वायरवरचे रबर जागोजागी सोलले गेले तर जे होईल, ते यात मज्जातंतूंचे होते. आपल्याच शरीराची संरक्षणव्यवस्था ते आवरण खाते. कधी हात बधिर, कधी नजर अंधूक, आणि थकवा असा की चहाचा कप धुणे हे दिवसाचे काम ठरते. एका सेवाभावी संस्थेकडे अर्ज केला, दोन वर्षे थांबले आणि २०१० साली टकर आला. पडलेली किल्ली तो उचलून देतो, दाराला बांधलेला पट्टा ओढून दार उघडतो, मी पडले तर फोन आणून देतो. त्याला हुकूम इंग्रजीत. रात्रीच्या गप्पा मराठीत, त्या त्याला कळतात असे माझे मत आहे.

तो आल्यावर वर्षभरातच माझी नोकरी गेली. तिथे आरोग्य विमा बहुधा नोकरीला बांधलेला असतो. नोकरी सुटल्यावर तोच विमा काही महिने चालू ठेवता येतो, पण कंपनीचा वाटासुद्धा आपणच भरायचा, वर दोन टक्के. या सोयीला ‘कोब्रा’ म्हणतात. नाव ऐकून मला हसू आले, हप्ता ऐकून गेले. दुसरा विमा घ्यावा तर २०११ साली आमच्या ओहायोत आधीपासून आजार असलेल्या माणसाला कंपनी सरळ नाही म्हणू शकत असे. तो नियम २०१४ पासून बदलला. सरकारी अपंगत्व भत्ता मंजूर झाला, पण त्यात पहिले पाच महिने काहीच मिळत नाही, आणि मेडिकेअर हा सरकारी विमा भत्ता लागू झाल्यावर आणखी चोवीस महिन्यांनी. गणिताच्या बाई, तुम्ही शिकवलेली बेरीज मी त्या काळात रोज केली. उत्तर रोज तेच यायचे. साठवलेले पैसे हप्त्यात आणि औषधात गेले आणि घर सोडावे लागले.

मग घरांसाठी फोन सुरू झाले. “कुत्रे चालत नाहीत.” मी सांगायचे, हा पाळीव प्राणी नाही, मदतनीस आहे, कायद्याने तुम्हाला त्याला येऊ द्यावे लागते, त्याच्यासाठी वेगळी अनामतही घेता येत नाही. हे खरे आहे. पण हे वाक्य बोलल्यावर ती जागा दुसऱ्याच दिवशी ‘भाड्याने गेलेली’ असायची. एक घरमालक सरळ माणूस निघाला. चार बिऱ्हाडांची इमारत, एकात तो स्वतः राहायचा. अशा छोट्या इमारतींना तो केंद्रीय कायदा लागू नाही, हे त्यानेच मला समजावून सांगितले आणि नको म्हणाला. त्याचा मला राग आला नाही. राग आला तो आपल्याच एका मराठी कुटुंबाचा. त्यांच्या तळघरातली खोली रिकामी होती. वहिनी म्हणाल्या, “तुम्ही खुशाल या हो, पण वर देवघर आहे, कुत्र्याचं तेवढं बाहेर बघा.” म्हणजे माझे पाय बाहेर ठेवून मी आत यायचे. चहा मात्र छान होता.

अकरा आठवडे आम्ही आठवड्याच्या भाड्यावर एका मोटेलमध्ये काढले. तिथे टकरला अडवता येत नव्हते. असल्या ठिकाणी माणसे दोनच प्रश्न विचारू शकतात: हा कुत्रा अपंगत्वामुळे लागतो का, आणि त्याला कोणते काम शिकवले आहे. प्रमाणपत्र मागता येत नाही. रोज सकाळी नवीन माणूस काउंटरवर असे आणि रोज मी तीच दोन उत्तरे देई, शाळेतल्या हजेरीसारखी. शेवटी प्रतीक्षायादीतून उत्पन्नाच्या तीस टक्के भाड्याची एक सरकारी मदतीची खोली मिळाली. तळमजला. दाराला उतार. मी त्या उतारावर बसून रडले आणि टकरने शिकवल्याप्रमाणे फोन आणून दिला. कोणाला लावायचा, हे त्याला शिकवलेले नव्हते.

हीच गोष्ट मला आज सांगायची होती. त्या फेब्रुवारीत आजार उलटला. डावी बाजू गेली, डॉक्टर म्हणाले लगेच दाखल व्हा, शिरेतून स्टेरॉइड द्यावे लागेल. इस्पितळात टकरला यायची मुभा होती. पण त्याला फिरवणे, खायला घालणे हे तिथल्या लोकांचे काम नाही, आणि ते बरोबरच आहे. मी अंथरुणातून उठू शकत नव्हते. त्याला कुठे ठेवू? या एका प्रश्नावर मी दोन दिवस घरीच पडून राहिले. डॉक्टरांना सांगितले, बरे वाटते आहे. कायद्याने माझ्यासाठी दारे उघडली होती. तीन दिवस कुत्र्याला फिरवणारा माणूस कायद्यात कुठून असणार? तो मागावा लागतो. मला मागता येत नव्हते. घर गेले तेव्हाही तुमच्यापैकी कोणाला मी एक ओळ लिहिली नाही. दिवाळीला ‘सर्व ठीक’ असेच कळवत होते.

तिसऱ्या दिवशी शेजारच्या आजोबांनी दार वाजवले. निवृत्त ट्रकचालक, एरवी नमस्कारापुरती ओळख. दोन दिवस कुत्रा बाहेर फिरताना दिसला नाही म्हणून आले होते. त्यांनी रुग्णवाहिका बोलावली आणि टकरचा पट्टा हातात घेतला. पुढचे चार दिवस दुपारी ते त्याला घेऊन माझ्या खोलीत येऊन बसत, एक शब्द न बोलता. नंतर म्हणाले, मला ते सरकारी फॉर्म भरता येत नाहीत, तू भरून दे. तेव्हापासून त्यांचे फॉर्म माझ्याकडे आणि अडीअडचणीला टकर त्यांच्याकडे. आत्ताही तो तिथेच आहे. इतका लांबचा विमानप्रवास त्याला नको म्हणून ठेवून आले. तोंडावरचे केस पांढरे झालेत त्याचे. आठ वर्षांचा झाला, अजून दोनेक वर्षे काम करील. पुढच्या कुत्र्यासाठी अर्ज करून ठेवला आहे आणि घर बदलावे लागू नये एवढीच धास्ती आहे.

काल रात्री तिसऱ्या रांगेतल्या मैत्रिणीने माझ्या हातातली पिशवी न विचारता घेतली. मी सवयीने “राहू दे, जमेल मला” म्हणाले. ती म्हणाली, “सातवीतही हेच म्हणत होतीस.” मग मी पिशवी सोडली. सर, वेळ संपली का? बरं, थांबते. कोणीतरी मला उठायला हात द्या.