पदपथावरचा माणूस आणि चित्रव्यवसाय
(उन्हाळी व्याख्यानमालेत दिलेले व्याख्यान)



१९१२ साली दादासाहेब फाळक्यांनी दादरला ‘राजा हरिश्चंद्र’ची सिद्धता आरंभिली, तेव्हा चित्रपटात काम करणे हा व्यवसायच मुळी अस्तित्वात नव्हता, आणि म्हणून त्यात कोणी शिरावे व कोणी शिरू नये याचे नियमही कोणी घातलेले नव्हते. तारामतीच्या भूमिकेसाठी स्त्री मिळेना, तेव्हा ग्रँट रोडवरच्या एका उपाहारगृहात आचारी असलेल्या साळुंके नावाच्या तरुणाला त्यांनी ती भूमिका दिली. आणि पुढे ‘लंकादहना’त राम व सीता या दोन्ही भूमिका त्याच साळुंक्यांनी वठविल्या. सगळ्या मंडळींचा स्वयंपाक सरस्वतीबाई फाळके करीत. काम आणि अन्न ही दोन्ही जेथे एकाच दारातून मिळत, तेथे नवख्या माणसाला ‘तुझा पत्ता काय’ हा प्रश्न फारसा अडवीत नसला पाहिजे.

पुढे १९२९ साली कोल्हापुरात निघालेली आणि १९३३ साली पुण्यास आलेली प्रभात कंपनी पाहा. नटांपासून सुतार-रंगाऱ्यांपर्यंतची माणसे तेथे दरमहा वेतनावर असत. एकदा हजेरीपटावर नाव चढले की महिनाअखेरीस पगार ठरलेला. ती पद्धत मोडली, कंपन्या बुडाल्या, आणि निर्मात्यागणिक, चित्रपटागणिक, अखेर पाळीगणिक माणसे घेण्याची रीत पडली. या स्थित्यंतराने नामांकित नटाचे कल्याण झाले असेल. पण दिवे उचलणाऱ्याचा महिना गेला आणि हातात नुसती ‘शिफ्ट’ उरली, हे मला आजच्या विषयाच्या दृष्टीने अधिक महत्त्वाचे वाटते.

आता ज्यांच्याविषयी बोलावयाचे त्यांच्याकडे वळतो. २०११ च्या जनगणनेत देशात १७ लाख ७० हजारांहून अधिक माणसे बेघर नोंदली गेली. त्यांतली ५७ हजारांहून अधिक एकट्या मुंबईत, म्हणजे हिंदी चित्रव्यवसायाच्या उंबरठ्यावरच. ही माणसे पदपथावर का झोपतात, याचे उत्तर १९८५ साली ओल्गा टेलिस खटल्याच्या निकालात सरन्यायाधीश यशवंतराव चंद्रचूड यांनी देऊन ठेवले आहे: काम जवळ असते म्हणून. पदपथवासीयाला हुसकावणे म्हणजे त्याची उपजीविका हिरावणे, आणि उपजीविकेचा हक्क हा जगण्याच्या हक्कातच अंतर्भूत आहे, हे तत्त्व न्यायालयाने मान्य केले; मात्र पदपथावर राहण्याचा हक्क मान्य केला नाही.

चित्रपटाने या माणसांना काही दिलेच नाही, असे म्हणणे अन्यायाचे होईल. १९८८ साली मीरा नायर यांनी ‘सलाम बॉम्बे’ काढला, तो मुंबईच्या रस्त्यांवर राहणाऱ्या मुलांची कार्यशाळा घेऊन, त्यांच्यातूनच नट निवडून. चित्रपटाला कान चित्रपट महोत्सवात मान मिळाला आणि त्यातून उभ्या राहिलेल्या सलाम बालक ट्रस्टने पुढे असंख्य मुलांना आसरा व शिक्षण दिले. हे ऋण मी मोकळ्या मनाने मान्य करतो. पण ज्या शफीक सय्यदने त्यात मुख्य भूमिका केली, ज्याला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, त्याला पुढे फारशी कामे मिळाली नाहीत आणि बंगळूरला रिक्षा चालवून त्याने संसार केला. रिक्षा चालविणे यात उणेपणा कसलाच नाही. उणेपणा आहे तो एवढ्या गुणी मुलाला कॅमेऱ्यासमोर उभे करून, कॅमेऱ्यामागचा एकही धंदा न शिकविणाऱ्या व्यवस्थेत. तसेच ‘स्लमडॉग मिलियनेर’ या चित्रपटाला २००९ च्या फेब्रुवारीत आठ ऑस्कर मिळाले, आणि त्याच वर्षीच्या मे महिन्यात त्यातल्या एका बालनटाची वांद्र्याच्या गरीबनगरमधली झोपडी पालिकेने पाडली. निर्मात्यांनी मुलांसाठी विश्वस्त निधी स्थापिला, घरांची तजवीज केली, हेही खरे. परंतु ती तजवीज दोघा-तिघांपुरती होती, आणि कीर्तीच्या झोतात आलेल्यांपुरतीच असणार होती.

म्हणून माझे म्हणणे असे की, बेघरांना चित्रव्यवसायात जागा हवी ती पडद्यावर नव्हे, पडद्यामागे. दिवे लावणारे लाइटमन, देखावे उभारणारे सेटिंगवाले, कपड्यांची निगा राखणारे ड्रेसमन, चहापाण्यापासून खुर्चीपर्यंत सगळ्याचा बंदोबस्त ठेवणारे स्पॉटबॉय, ही कामे जुन्या कारागिरांच्या हाताखाली राहून शिकण्याची आहेत. फळ्या, बांबू आणि ताग यांची भिंत ठोकून तिच्यावर प्लास्टर चढवावयाचे, पॅकअप झाल्यावर तीच भिंत मोडून खिळे काढून फळ्या परत रचून ठेवावयाच्या, याला शाळेचा दाखला लागत नाही. लागते ती नजर आणि चिकाटी. रात्रपाळीचे तर या माणसांना भयच नाही.

मग अडते कोठे? अडते ते सभासदत्वाच्या कार्डावर. प्रत्येक धंद्याची संघटना आहे, आणि ती असलीच पाहिजे, कारण तिच्याविना मजुराचा वाली कोणी नसता. पण सभासदत्वाच्या अर्जाबरोबर सामान्यतः ओळखपत्र, रहिवासाचा पुरावा, प्रवेशशुल्क आणि ओळखीच्या माणसाची शिफारस लागते, आणि बेघर माणसाजवळ यांतले नेमके एकही नसते. कार्डावाचून तो चित्रीकरणातल्या गर्दीत उभा केला जातो, माणसे पुरविणारा सप्लायर आपला वाटा आधी कापून घेतो, आणि उरलेला मेहनताना कधी मिळेल याचा भरवसा नसतो. ज्याला घर आहे तो उधारीवर महिनाभर तग धरतो. ज्याचे वाण्याकडे खातेच नाही, त्याला संध्याकाळीच पैसे लागतात. १९८१ च्या चित्रपट-कामगारांविषयीच्या केंद्रीय कायद्याने लेखी करार आवश्यक ठरविला होता. पण ज्याचे नाव हजेरीपटावरच नाही त्याच्याशी करार कोण करणार?

येथे एका सरकारी रिवाजाकडे मी आपले लक्ष वेधू इच्छितो. बेघर नागरिकाने मतदार म्हणून नोंद मागितली, तर निवडणूक आयोगाच्या नियमानुसार त्या भागाचा अधिकारी अर्जात सांगितलेल्या जागी रात्री स्वतः जातो, तो माणूस खरोखरच तेथे झोपतो की नाही हे पाहतो, आणि तशी खात्री पटल्यावर कागदी पुराव्यावाचून त्याचे नाव यादीत घालता येते. राज्यकर्ते निवडण्याचा अधिकार ज्या खात्रीवर देता येतो, ती खात्री लाइटमनच्या कार्डाला पुरेशी का मानू नये, हा प्रश्न मी संघटनांच्या पदाधिकाऱ्यांसमोर अत्यंत कळकळीने ठेवतो. नागरी बेघरांसाठी शासनाच्या योजनेतून झालेले रात्रनिवारे आहेतच. निवाऱ्याच्या व्यवस्थापकाचा दाखला रहिवासाचा पुरावा धरावा, प्रवेशशुल्क पहिल्या काही पाळ्यांच्या मजुरीतून हप्त्याने वळते करून घ्यावे, आणि शिकाऊ मुदतीत मजुरी त्याच दिवशी चुकती करण्याची अट निर्मात्यावर घालावी.

कोणी विचारील की महागड्या सामानाजवळ अनोळखी माणूस ठेवावयाचा तर जामीन कोण? संघटनेने व्हावे. पहिले सहा महिने शिकाऊ माणसाला एका जुन्या कारागिराच्या हाताखाली नेमावे, त्याची हजेरी त्या कारागिराच्याच सहीने पडावी, आणि त्याबद्दल कारागिराला निर्मात्याने अधिक भत्ता द्यावा. गोरेगावची दादासाहेब फाळके चित्रनगरी ही महाराष्ट्र शासनाच्या मालकीची आहे; तेथे चित्रीकरणाचा परवाना देताना ही शिकाऊ नेमणुकीची अट घालण्यास शासनाने खाजगी निर्मात्यांच्या मर्जीची वाट पाहण्याचे कारण नाही, आणि आरंभ तेथूनच व्हावा, अशी माझी मागणी आहे.